पियानोतल्या अक्षता

गेवराई, २६ ऑक्टोबर २०२५

दोस्त बंकट,

रामराम. आमी सगळे खुशाल. आष्टीत तुझं भजनी मंडळ अन् तुझा खोकला, दोन्ही जोरात असतील!

फोन उचलत न्हाई म्हणून शिव्या घालतोस, घाल. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. ते पुढं लिहितो. आधी पियानोचं ऐक.

चकलांब्याच्या सारजाबाईंची सून धनश्री. तिनं माहेराहून पियानो आणला. दसऱ्याला सासूबाईंनी ट्रॅक्टरची, शिलाई मशीनची पूजा केली, तशी पियानोचीबी केली. हळदकुंकू, झेंडूची फुलं अन् मूठभर अक्षता! दाणे पट्ट्यांच्या फटीतून खाली गेले. पट्ट्या पुऱ्या दबेनात, आवाज निघेना. मग धनश्रीच्या नवऱ्यानं पेचकस घेतला अन् आत दिसतील ते स्क्रू फिरवून ठेवले. आता बोल बे!

सासूसुनेचा अबोला. शेवटी मला बोलावणं आलं. माझा जन्म बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात गेला, पण हैदराबादला उस्तादांकडं पियानोच्या कामावरबी हात बसलेला. पट्ट्या काढून तांदूळ झाडले, तर त्या फिरवलेल्या स्क्रूंमुळं नवीनच तमाशा! आतल्या बारक्या हातोड्या तारांना जाऊन चिकटायला लागल्या. हातोडी तारेला लागायच्या जराशी आधी मोकळी सुटावी लागते, न्हाई तर सूर तिथंच मरतो. ते सगळं बसवत बसलो.

डावीकडच्या जाड सुरांचं पटापट जमलं. उजवीकडं बारीक सुरांवर आलो, पट्टी दाबली. काही न्हाई. पुन्हा दाबली. धनश्री म्हणाली, "काका, हा तर वाजला की!"

बंकट, आता खरं सांगतो. डॉक्टरनं सांगितलंय, वरचे सूर गेले, ते परत यायचे न्हाईत. फोनवरचं बोलणं कळत न्हाई, म्हणून उचलत नव्हतो. दुकान विकायचंय, गिऱ्हाईक बघ, असं तुला लिहिणार होतो. ज्याला सूर ऐकू येत न्हाई, त्याच्या हातात पेटी कोण देईल?

तिथंच दोघींना सांगून टाकलं अन् हत्यारं गोळा करायला लागलो. सारजाबाई म्हणाल्या, "बोटं तर हायत न्हवं? मग उठता कावून, मकसूदभाई?"

अन् खरंच रे! पट्टी हळू दाबली की हातोडी सुटताना बोटाखाली बारीक खटका लागतो. त्याला कान कशाला पाहिजेत? डोळे मिटले अन् एकेक स्क्रू फिरवत खटका जागेवर आणला. वरचा आवाज खुलला का दबला, ते धनश्री सांगत गेली. काम संपल्यावर तिनं वाजवून दाखवलं. सारजाबाई सुनेकडं बघून हसल्या. मला अर्धंच ऐकू आलं, पण लई हलकं वाटलं. दुकान विकायचं न्हाई आता.

घरी येऊन तुझ्या हजरावहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. तर म्हणते कशी, "मला कधीचं माहीत हाय. म्हणून तर ओरडून बोलते. तुमाला वाटतं, मी भांडते!"

अजून कारागीरच असलेला,
तुझा मकसूद