प्लगचे आटे

प्रिय ठमाबाई,

तुझा पाळणा मी केला. आईच्या शिलाई मशीनचा तुटलेला दांडा पितळेतून घडवला. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचं अवजार एका गंजक्या शिकंज्यातून काढलं, आणि वर्कशॉपमधलं लेथ तर तीन मोडक्या लेथांचं एक केलं. कुणा उस्तादाच्या हाताखाली राहिलो नाही. हे शंभरदा ऐकलंयस. पण पुढचं लिहायला हात धजत नाही, आणि आधी थोडी बढाई मारली की मला धीर येतो. पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

इंजिनाचा स्पार्क प्लग बसवायची माझी रीत तुला पाठ आहे. सुरुवातीला पान्याला शिवायचंसुद्धा नाही. प्लग बोटांनी धरून आधी उलटा फिरवायचा. आट्यात आटा पडला की बोटांना बारीकसं टक् लागतं, मग सुलटा. लोखंडात एखादी चूक खपून जाते. पण इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, मऊ; प्लग वाकडा चढवला की आटे गेलेच.

गेल्या सोमवारी गणिताच्या मास्तरांची मोटरसायकल आली. प्लग बदलायचा, दहा मिनिटांचं काम. टक् लागलं नाही. म्हटलं, लागलं असेल, आपलंच लक्ष नसेल. पाना लावला तर प्लग निम्म्यात अडला. काढून बघतो तो सगळा चंदेरी भुगा. मास्तर दारातच उभे होते. मी म्हणालो, आधी कुणीतरी वाकडा चढवलेला दिसतोय. तीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं गं.

मग भुगा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून हेडच उतरवलं. आटे कापायच्या टॅपला ग्रीस चोपडून, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असे मोठे आटे पाडले. रॉकेलने धुतलं. त्यात पोलादी तारेची कॉइल फिरवत बसवली. तिच्या आत प्लगच्या मापाचे आटे असतात. कॉइलच्या टोकाची दांडी मोडून बाहेर काढली. काम नव्यापेक्षा मजबूत झालं. फक्त कॉइल सरळ बसली की नाही, ते मी बोट फिरवून नाही, भिंग लावून पाहिलं.

मास्तर जाताना म्हणाले, "तुमच्या हाताला डोळे आहेत हो." पंपाच्या गॅस्केटसाठी आलेले लाँचवाले बाकावर बसून सगळं बघत होते, त्यांनीही मान डोलावली. मी आपला हात पुसत हसत राहिलो.

तेव्हापासून रोज डोळे मिटून आठ आणि दहा नंबरचे नट ओळखायला बसतो. दहात सहाच बरोबर येतात. आई विचारते, नट म्हणजे काय तांदूळ आहेत का निवडायला? उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. सुई टोचली तरी जाड कापडावरून टोचल्यासारखी वाटते. काल मास्तरांच्या घरी जाऊन खरं सांगून आलो. ते "चला, असू दे" म्हणाले, पण मग बराच वेळ गाडीकडे बघत राहिले.

तू दवाखान्यात कामाला आहेस, तिथल्या नसांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. मी येतो. आईचा चिडून फोन येईल. माझी बाजू घेऊन भांडू नकोस, बोटांचं मीच सांगेन तिला. त्या दिवशीचं काम बघून लाँचवाल्यांनी आठही लाँचची इंजिनं कायमची माझ्या हाती द्यायचं ठरवलं होतं. एकेका लाँचमध्ये साठ माणसं बसतात, आणि मधल्या धारेत इंजिन बंद पडलं तर पाना घेऊन कुठे धावणार? आई नव्या छपराचे पत्रे बघून आली होती. आज सकाळी मी त्यांना नाही म्हणालो. कारण विचारलं, तर हातात काम फार आहे असं सांगितलं. महिना पंच्याऐंशी हजार देत होते.

तुझाच,
हट्टी बाप