गर्भदेव पाच दिवस चुलीवर

वान-ची, माझ्या नातसुने,

उठलीस की स्वयंपाकघराकडे फिरकू नकोस. नवीन वर्षाचे पाचही दिवस गर्भदेव, पोटातल्या बाळाचा राखणदार, चुलीवर बसलाय, आणि तो बसतो तिथलं पोटुशीनं काही हलवायचं नसतं, असं मी तुझ्या सासूला पंचांगातून वाचून दाखवलंय. म्हटलं, "माझ्या चुलतबहिणीनं असल्या दिवशी नुसतं झाकण उचललं, तर पोर जन्मताच म्हणालं, मीठ कमी आहे!" "आई, काहीतरीच तुमचं," म्हणाली, पण तुझा एप्रन तिनंच खुंटीला टांगून ठेवला.

खरं तर पंचांगात देव आज दाराशी आहे. कोणी उघडून बघायला नको, म्हणून पंचांग पिशवीत घालून मी मात्सूदेवीच्या देवळात चाललेय. बाळ आलं की वर्षभर तुला एक पान वाचायला मिळणार नाही. ती उशाशी साठवलेली जाड पुस्तकं या सुट्टीतच संपव.

सासूवर रागावू नकोस. तिच्या वेळी ती आठव्या महिन्यात पाचही दिवस चुलीपुढे उभी होती, आणि मी पंचांग उघडलंसुद्धा नाही.

दुपारी तिलाही एक पुस्तक दे. मुळ्याच्या वड्या मी येऊन वाफवते.

आजी