उभ्या धाग्याचा हट्ट

४ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तीन मिनिटांत आपलं दोघींचं वाजतं, म्हणून लिहायला बसले.

काकांनी त्यांच्या ऑफिसात उन्हाळ्यापुरती तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे. साहेबांपाशी शब्द टाकला आहे, हे ते मला आठवड्यातून दोनदा ऐकवतात. आणि तू म्हणतेस, कॉम्प्युटरच्या कुठल्याशा लायब्ररीचं काम करणार. पगार नाही, ऑफिस नाही, साहेबही दिसत नाही. मी गणवेश बेतणारी बाई आहे. आधी कागदावर आखून दाखव, मग बोलू.

खोकल्याचं औषध अर्धवट सोडू नकोस. माया आहेच, आवाज खाली ठेवलास तर आणखी वाढेल.
तुझी, आई

११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. खोकला गेला, तोरा तसाच आहे.

लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावा, कुणीही चूक काढून दुरुस्ती पाठवावी. सांभाळणारी मंडळी ती तपासतात, पटली तर घेतात, नाहीतर परत करतात. ही लायब्ररी पत्र्यावर किंवा कापडावर तुकडे असे मांडते की कमीत कमी वाया जावं. तू खडूने करतेस तेच.

उन्हाळ्यासाठी ते थोडे विद्यार्थी निवडतात. बारा आठवड्यांचा बेत महिनाअखेर द्यायचा आहे. माझा सोबत जोडलाय, नऊ नव्या सोयींचा. नमुन्याला तू बेततेस त्या गणवेशाच्या पँटचे तुकडे घातलेत, चित्र बघ. काकांच्या खुर्चीवर मी बसणार नाही, हे आत्ताच सांगते. रागाव, पण रागावूनही उत्तर लिही.
तुझी, ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. बेत वाचला. बारा आठवडे, नऊ कामं, आणि परत आलेलं उसवायला एकही दिवस नाही? शिवायला दोन दिवस लागतात, फिटिंगला चार. हा बेत कुणा नवशिक्याचा वाटतो.

आणि चित्रात पँटचा पाय तिरका कुणी टाकला? कापडाचा उभा धागा पायाच्या लांबीतून गेला पाहिजे. तिरका गेला की दोन धुण्यांत पाय पिळतो आणि बाजूची शिवण नडगीवर येते. तुझ्या लायब्ररीने वीतभर कापड वाचवलं आणि अख्खी पँट घालवली. एवढी शिकलेली माणसं, त्यांना हे कुणी सांगितलं नाही का?

काकांना अजून काही कळवलं नाही. रोज जेवत जा, म्हणजे माझं बोलणं पचेल.
तुझी, आई

२७ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. नाही, कुणीच सांगितलं नव्हतं. कापडाला दिशा असते हे त्या लायब्ररीला ठाऊकच नाही. मी त्यांच्यातल्या मुख्य बाईंना लिहिलं. त्या म्हणाल्या, आमचे बहुतेक लोक पत्रा कापतात, हे काम किरकोळ आहे, तू तुझ्या नऊ सोयींचंच बघ.

मी नऊच्या नऊ खोडल्या. आता बेतात एकच काम आहे, धाग्याची दिशा. दोन आठवडे नमुने गोळा करायचे, चार लिहायचं, उरलेले सहा उसवायला. मैत्रिणी म्हणतात, मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. घेतेय तर घेतेय.

तू फक्त एक कर. एकाच कापडाच्या दोन पँटी काढ, एक तुझ्या पद्धतीने, एक त्या चित्राप्रमाणे. दोनदा धू आणि फोटो पाठव. एरवीचं प्रेम त्या पाकिटात बसलं नाही तरी चालेल.
तुझी, ठकी

५ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझे फोटो त्यांना मागाहून पाठवले होते, तरी निवड झाली नाही. पत्र गोड होतं, नकार स्वच्छ होता. मी दुपारभर रडले.

पण दुरुस्ती कुणीही पाठवू शकतं. निवड न झालेल्यांना फक्त प्रमाणपत्र आणि हात धरणारं माणूस मिळत नाही. मी ते काम करणारच आहे. तू खुर्ची म्हणालीस तरी ऐकणार नाही, पण तुझ्याशी अबोला धरून करायचं नाही मला. काय ते लिही. रागातली चार ओळींची चिठ्ठीसुद्धा चालेल.
तुझी, ठकी

१२ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. काल काका आले होते. खुर्चीचं काय, म्हणाले. मी म्हटलं, ती कामाला लागली आहे. कुणाकडे, असं त्यांनी विचारलं. मी ती पिळलेली पँट त्यांच्यासमोर धरली आणि सगळं समजावलं. निवड झाली नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, मग हे काम कसलं? चहा न घेताच उठले.

तुला कधी सांगितलं नाही. वर्कशॉपात नवी असताना मास्तरांनी साठ पँटी अशाच तिरक्या काढल्या. मला दिसत होतं. मास्तरांना कोण शिकवणार, म्हणून मी गप्प बसले. सगळ्या परत आल्या, तेव्हाही गप्पच बसले. मास्तर आता हयात नाहीत, म्हणून त्यांना सांगायचं राहिलेलं काल काकांना ऐकवलं, आणि मला फार बरं वाटलं.

तू ये. माझ्या कटिंगच्या टेबलाची खिडकीकडची बाजू मोकळी केली आहे. त्या बाईंनी दुरुस्ती परत पाठवली तर मला वाचून दाखव. त्यांना उत्तर आपण दोघी मिळून लिहू.
तुझी, आई