उकडीची रीत कोणाची

आई, तू गेल्याला अकरा वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावर इतकी वैतागलेय की समोर असतीस तर कडाकडा भांडले असते. अर्थात तू भांडू दिलं नसतंसच. हातातलं लाटणं न थांबवता म्हणाली असतीस, आधी तव्यावरची पोळी उलट, मग बोल. जन्मभर माझं बोलणं तू असंच पुढे ढकललंस. म्हणून आता लिहितेय. दुपारचे डबे गेलेत, संध्याकाळच्या भाज्या चिरून ठेवल्यात, बायका मागच्या खोलीत जरा आडव्या झाल्यात, आणि मी तुझ्या त्या उंच स्टुलावर बसलेय. त्याचा एक पाय अजून हलतो, बरं का. तुला सांगून सांगून थकले होते, आता स्वतःलाच सांगते, पण दुरुस्त काही होत नाही.

तुझं पोळीभाजी केंद्र मी चालवते हे तुला माहीत नाही. तू म्हणायचीस, शिकलीयेस, ओट्यामागे उभी राहू नकोस. पण ठाण्याची नोकरी सोडली आणि डोंबिवलीत तुझ्याच ओट्यामागे येऊन उभी राहिले. ठाण्यात मी काय करायचे हे तुला कधी नीट कळलं नाही, आणि खरं सांगू, मलाही लोकांना सांगताना घाम फुटायचा. ऑफिसातल्या माणसांना जे जे येतं ते त्यांनी कंप्युटरवरच्या एका सामाईक जागी लिहून ठेवायचं, म्हणजे एक जण रजेवर गेला तरी दुसऱ्याचं अडत नाही. ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, हे माझं काम. चांगले शिकलेसवरलेले इंजिनियर, पण लिहायला सांगितलं की लहान मुलांसारखे पोट दुखतंय म्हणायचे. एकाने तर सगळ्या रकान्यांत एकच वाक्य भरलं होतं, अडचण आल्यास मला भेटा. तेव्हा मी घरी येऊन तुझ्यापुढे त्याला शिव्या घातल्या होत्या. तू कणीक मळत होतीस. मला वाटलं, तुला यातलं काय कळणार.

आता आपलं कल्याणलाही एक दुकान आहे. तिथल्या अळूवडीला खाज, इथल्या अळूवडीला चव. तिथली आमटी पाणी, इथली घट्ट. गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, आईंच्या वेळचं राहिलं नाही. म्हणून मी सगळ्या बायकांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. सगळ्यांची मिळून एकच वही समज. पदार्थाचं नाव, जिन्नस, कृती, आणि शेवटी एक रकाना, रीत कोणाची. तो रकाना मी मुद्दाम सक्तीचा केला, भरल्याशिवाय पान पुढे जातच नाही. मला वाटलं, स्वतःचं नाव दिसलं की बायका खूश होतील, हौसेने लिहितील. किती शहाणी ना मी. पहिल्या आठवड्यात आलेली माहिती ऐक. मीठ: बघून. तेल: लागेल तसं. वेळ: होईपर्यंत. एकीने भरल्या वांग्यांच्या पानावर नुसता हात जोडलेला फोटो टाकला. एकीने बोलून पाठवलं तर मागे मिक्सर चालू, त्यातून मला फक्त "आणि मग काय, झालंच की" एवढं ऐकू आलं. रीत कोणाची? सगळ्यांनी एकच लिहिलं, केंद्राची. मी चिडले, समजावलं, चहा पाजून समजावलं, पुन्हा चिडले. सगळ्या मान डोलवायच्या आणि जाऊन भाजी ढवळायच्या. डोकं फिरायची वेळ आली.

यात सगळ्यांच्या वर विठ्ठलवाडीच्या वहिनी. तुझ्या वेळच्या त्या एकट्याच उरल्यात. गणपतीतले आपले उकडीचे मोदक म्हणजे त्याच. उकड काढायची वेळ झाली की त्या सगळ्यांना बाहेर पिटाळतात, जा, हळदीची पानं पुसून ठेवा. मला वाटायचं, बाईला गडबड सहन होत नाही. मोदकांचं पान ॲपवर कोरंच होतं. विचारलं की म्हणायच्या, लिहू ताई, काय घाई आहे. आणि चतुर्थीला बारा दिवस असताना त्या जिन्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर. इकडे मोदकांच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या.

मी म्हटलं, घाबरायचं काय, आपल्याकडे वही आहे. माळ्यावरून तुझी लांब वही काढली. उकडीचं पान माझ्याच अक्षरातलं. भांडंभर पीठ, भांडंभर पाणी, चवीपुरतं मीठ, चमचाभर लोणी, उकळी फुटली की पीठ, झाकण, एक वाफ. अगदी तसंच केलं. उकड हाताला असली चिकटली की पारी बोटांवरून सुटेना. कसेबसे वळले, उकडायला ठेवले, झाकण काढलं तर मोदक बसलेले, सगळ्यांची नाकं गळून पडलेली. दुसरा घाणा तसाच, तिसरा तसाच. कल्याणच्या दुकानातून शिकायला आलेल्या मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी वहीकडे.

ते पान मी लिहिलं तो दिवस मला आठवतो. मी दहावीत. माझं अक्षर चांगलं म्हणून तू मला स्वयंपाकघरात बसवलंस. खाली पाटावर भाकरीवाली मावशी बसलीय, खाडीकडच्या गावातून यायची ती, नाकात मोठी नथनी, हिरव्या चुड्यावर पीठ उडालेलं. तांदळाची भाकरी तिच्यासारखी कोणी थापायचं नाही, आणि तिच्याच हाताने आपले मोदक पहिल्यांदा लोकांना आवडायला लागले. तू विचारतेस, ती सांगते, मी लिहिते. तिला केवढं कौतुक. आपलं बोलणं वहीत जातंय म्हणून पदर तोंडाला लावून हसते. "लिव गो पोरी, नीट लिव." मी म्हणते, हळू सांग मावशी. तू मध्येच मला दटावतेस, नीट ओळीत लिही, वेडंवाकडं नको. पुढच्या आठवड्यात मावशी आली नाही. मी विचारलं तर म्हणालीस, तिचा हात थरथरतो आता, झेपत नाही तिला. तू अभ्यासाला बस. मी बसले. एवढंच आठवत होतं मला, आणि त्यात वाईट काही होतं असं कधी वाटलंच नाही.

तिसरा घाणा गायीला घातला आणि रिक्षा करून विठ्ठलवाडीला गेले. वहिनी कॉटवर बसल्या होत्या, सून डाव्या हाताला चहा देत होती. मी तावातावाने सुरुवात केली. म्हटलं, वहिनी, हे बरोबर नाही, एका माणसाच्या डोक्यात सगळं अडकून राहिलं की बाकीच्यांनी काय करायचं. वहिनींनी शांतपणे चहा संपवला. मग म्हणाल्या, "ताई, एकदा सांगितलं की संपतं. मी बघितलंय."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा नवीन लागलेल्या, कोपऱ्यात पोळ्या लाटायच्या. वही भरली, तू पुढचे दोन दिवस मावशीसमोर स्वतः उकड काढून पाहिलीस, बरी जमली, आणि तिसऱ्या दिवशी मावशीला सांगितलंस, आता रोज नको येऊस, सणासुदीला निरोप पाठवीन. निरोप कधी गेला नाही. हात थरथरत होता का, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशीसुद्धा सगळ्या भाकऱ्या तिनेच थापल्या होत्या. पण मावशी निघताना वहिनींना मोरीपाशी घेऊन गेली आणि वहीत न सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या कानात सांगून गेली. म्हणाली, ही ठेव तुझ्याकडे, कोणी लिहून मागितली तरी देऊ नको. त्या एका गोष्टीवर वहिनी तुझ्याकडे टिकल्या. मग त्यांनी नव्या आलेल्या प्रत्येक बाईला हेच शिकवलं. विचारलं तर सांगायचं, पण एक गोष्ट ठेवायची. म्हणजे आई, मी दोन वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटतेय ती तू बांधलीयेस. मी समजत होते बायका अडाणी आहेत, फोनला घाबरतात. कसलं काय, त्या तुला घाबरत होत्या. आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. तुझ्या अडचणी होत्या, बाबांची कंपनी बंद पडली होती, घर तू ओढलंस, मला सगळं कळतं. पण तिला माझ्यापुढे म्हातारी ठरवायचं काय नडलं होतं? आणि माझ्या अक्षरात कशाला?

मी वहिनींना म्हटलं, तुम्हाला कोणी काढणार नाही, माझा शब्द. त्या म्हणाल्या, शब्द तुमच्या आईंचाही होता. मग पुढे म्हणाल्या, "त्या मोबाइलमध्ये आधी मावशीचं नाव टाका. उकड तिची आहे. मग माझ्याकडचं सांगते." मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी प्लास्टरसकट आल्या, ओट्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि या वेळी कोणालाच बाहेर पाठवलं नाही. कोरडं पीठ डाव्या मुठीत घेतलं, घट्ट दाबलं, मूठ उघडली. पिठाचा गोळा तसाच राहिला. म्हणाल्या, गोळा मोडला तर तांदूळ जुना, पाणी बरोबरीचं. राहिला तर नवा आहे, त्याच्या पोटात पाणी आहे, बोटभर कमी घाला. एवढंच. तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट एवढीच होती. कल्याणच्या मुलींनी एकेक करून मुठी वळून पाहिल्या. मोदक उभे राहिले, नाकं ताठ. चतुर्थी पार पडली, एकाही घरून तक्रार नाही. वहिनी म्हणाल्या, आता घाला मोबाइलमध्ये, दिलं मी.

आज बसले घालायला. जिन्नस, कृती, मुठीची परीक्षा, सगळं नीट ओळीत लिहिलं. शेवटचा रकाना आला, रीत कोणाची. आणि माझा हात थांबला, कारण मला मावशीचं नाव माहीत नाही. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, आम्ही पण मावशीच म्हणायचो, लिहून तुम्ही घेतलंत ना, वहीत असेल. वही पुन्हा उघडली. वर तारीख, खाली रेघ, मध्ये माझं सुंदर अक्षर. नाव नाही. मी विचारलंच नव्हतं. नुसतं मावशी लिहिलं आणि पुसलं, आपल्याकडे मावशी तर सगळ्याच. कोरं ठेवून पाहिलं तर लाल अक्षरांत आलं, हा रकाना भरणं आवश्यक आहे. नियम माझाच.

खाडीकडचं ते गाव इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मधे टॉवर झालेत, पण जुनी घरं आहेत अजून, कोणी ना कोणी म्हातारं माणूस सांगेल. मी गेले नाही. आधी वाटलं, संध्याकाळचे डबे आहेत. मग वाटलं, जाऊन कोण म्हणून सांगू. तिकडून कल्याणच्या मुलींचे मेसेज, ताई, मोदकाचं पान दिसत नाही, उद्याची ऑर्डर आहे.

मी तुझं नाव टाकलं, आई. लगेच घेतलं त्याने.

हे मी त्या उकडीच्या पानामागे लिहितेय, वही परत माळ्यावर जाईल. वहिनींना ॲप उघडून रीत कोणाची ते बघता येतं, मीच बसून शिकवलंय. सोमवारी त्यांचं प्लास्टर निघतंय.