आजच्या किक : तीनशे

१६ जून, सोमवार
आजपासून कराटे. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण इथे नीट लिहून ठेवते. एप्रिलमध्ये मी बाथरूममध्ये पडले असं माझा मुलगा अश्वजित सगळ्यांना सांगत असतो. पडले नव्हते. बसले होते. फरशी गार होती, उठायची घाई नव्हती. भागिरथा भांडी घासायला येईपर्यंत सव्वा तास झाला, एवढंच. पण तिने लगेच त्याला पुण्याला फोन लावला आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद : मम्मी, अनसिंगचं घर बंद कर, इकडे ये. काल त्याला कराटेचं सांगितलं. तो इतका हसला की फोन सुनेने घेतला. मग पुन्हा त्याने घेतला आणि म्हणाला, सप्टेंबरच्या परीक्षेत पिवळा बेल्ट मिळव, पुण्याचं नाव काढणार नाही. नाही मिळाला तर दिवाळीआधी सामान बांधायचं.

मंजूर. वय त्रेसष्ट. हातात तीन महिने. पिवळा तर पहिलाच बेल्ट. मी हिरव्याचाही विचार करून ठेवला आहे.

१८ जून, बुधवार
क्लास विहाराच्या मागच्या हॉलमध्ये, साडेपाचला. शिकवतो प्रसेनजित. माझाच विद्यार्थी, आठवी ब. इंग्रजी वाचताना फार अडखळायचा, पण फळा सुंदर पुसायचा. त्याला फळा पुसायची आवडच होती. आता ब्लॅक बेल्ट आहे, मुलं त्याला सेन्सेई सर म्हणतात. बाहेर मी त्याला अरे म्हणते, आत सर. शिस्त म्हणजे शिस्त. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोटिल्डने हेच शिकवलं.

सुरुवातीला वाकून नमस्कार. त्याला 'रे' म्हणतात. नियम असा की लहानाने मोठ्याच्या आधी मान वर करायची नाही. मी पांढरा बेल्ट, म्हणून मी सरांच्या आधी वर येणार नाही. तो माझा विद्यार्थी, म्हणून तो मॅडमच्या आधी वर येणार नाही. दोघंही वाकलेले. बावीस मुलं बघत उभी. शेवटी भागिरथेची नात पौर्णिमा (वय अकरा, ब्राऊन बेल्ट) म्हणाली, मॅडम आजी, झालं न आता, उठा न दोघंबी.

१९ जून, गुरुवार
कंबर धरली. ही वाकण्याची नव्हे, हवेची.

२० जून, शुक्रवार
रांग बेल्टप्रमाणे लागते. वयाला किंमत नाही. माझ्या पुढे रुचिका, दुसरीतली. तीही पांढरा बेल्ट, पण माझ्याआधी आठ दिवस आली म्हणून सीनियर. तिने माझ्या बेल्टची गाठ सोडून पुन्हा बांधली. म्हणाली, दोन टोकं सारखी पाहिजेत, नाहीतर सर रागावतात. सर माझ्यावर रागावणार नाहीत, असं मी म्हटलं. रुचिका म्हणाली, म्हणून तर मी रागावून राह्यली.

'समजलं' या अर्थी 'ओस' ओरडायचं असतं. माझ्या तोंडून 'येस, सिस्टर' निघालं. आता चार मुलं तसंच ओरडतात.

२३ जून, सोमवार
वर्ग लवकर सुरू होतो. मी वेळेवरच निघते, पण चहा गार करून पिणं मला जमत नाही. उशिरा येणाऱ्याने दाराशी गुडघे टेकून, डोळे मिटून बसायचं, सर बोलावतील तेव्हा वाकून उठायचं आणि मागून रांगेत जायचं, असा नियम आहे. प्रसेनजित खुर्ची घेऊन धावत आला. मी खुर्ची परत पाठवली. गुडघे टेकायची सवय मला चॅपेलपासून आहे. टेकणं उत्तम जमलं. उठणं हा वेगळा विषय. पौर्णिमाने एक हात धरला, रुचिकाने दुसरा, आणि दोघींनी गाण्यातल्यासारखं हय्या हो केलं. हे शोभत नाही. उद्यापासून वेळेवर.

२५ जून, बुधवार
उशीर. हय्या हो. अश्वजितला फोनवर सांगितलं, पुन्हा हसला.

२७ जून, शुक्रवार
उशीर. भागिरथा बोलत बसली, त्यामुळे. म्हणाली, बाई, तुमी या वयात काहून लाथा मारून राह्यल्या? कोनाले मारनार? मी म्हटलं, लाथ नव्हे, फ्रंट किक. ती म्हणाली, हाव, पन लागनार कोनाले?

४ जुलै, शुक्रवार
मोठा दिवस!

किक मारताना माझ्या डाव्या गुडघ्याचा आवाज आला. सुकी शेंग फुटावी तसा. वर्ग थांबला. प्रसेनजित जवळ आला, बराच वेळ आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, तुमचा आवाज फार खणखणीत आहे, सोमवारपासून तुम्ही समोर उभं राहून काउंट द्या.

तीन आठवड्यांत! ब्राऊन बेल्टच्या मुलांना जो मान मिळतो तो! जपानी अंक पाठ केले : इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. एका बैठकीत. रुचिकाला रोकूच्या पुढे येत नाही.

अश्वजितला फोन केला. तो विचारू लागला की काउंट देताना किक मारायची असते का. त्याला या कलेतलं काही कळत नाही.

७ जुलै, सोमवार
पहिला काउंट. दहाचे चोवीस सेट. बोलणारा करणाऱ्यापेक्षा जास्त दमतो, हे शिक्षकाशिवाय कुणाला कळायचं नाही. घरी येऊन पाय चेपले.
आजच्या किक : दोनशे चाळीस.

१८ जुलै, शुक्रवार
मी घाई करत नाही. 'शी' म्हटलं की सगळ्यांचे पाय वर असतात, तेवढ्यात पाठी सरळ आहेत का बघून घेते. कुणाची नखं वाढलेली दिसली तर तेही सांगते. मग 'गो'. मधे एकदा सिस्टर क्लोटिल्डची आठवण निघाली, ती सांगितली. पौर्णिमा ओरडली, मॅडम आजी, गो म्हणा न वं, पाय गळून राह्यले!
उशीर झाला होता. उठताना खिडकीचा गज धरला. रुचिका एकटीच आली हात द्यायला, तीही चॉकलेट खात.
आजच्या किक : तीनशे.

६ ऑगस्ट, बुधवार
अश्वजित म्हणतो, रोज तीनशे किक मारतेस तर व्हिडिओ पाठव. मी कळवलं की डोजोत, म्हणजे क्लासच्या हॉलमध्ये, शूटिंग चालत नाही. असा नियम आहे की नाही, ते प्रसेनजितला विचारायचं राहिलं.

परीक्षेला काता असतो. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने वीस हालचाली, समोर न दिसणाऱ्या शत्रूशी. वीसही मला तोंडपाठ आहेत. आठ दिवसांत प्रत्यक्ष करायला घेणार.
आजच्या किक : दोनशे ऐंशी.

१३ ऑगस्ट, बुधवार
काताचं उद्यापासून.
तक्रार : दाराशी उठताना आता कुणीच येत नाही. पौर्णिमा सरळ समोर बघत उभी असते. हात फरशीवर टेकून उठावं लागलं. हल्लीच्या मुलांना मोठ्यांकडे लक्ष द्यायला नको.

२७ ऑगस्ट, बुधवार
सणामुळे काता राहिला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
प्रसेनजितने चाचरत विचारलं, मॅडम, काता एकदा करून बघायचा का? मी म्हटलं, अरे, मी वर्गाकडून शंभर वेळा करून घेतला आहे. तो म्हणाला, हो, तसं नाही... आणि थांबला. बिचारा. अजून अडखळतो.

पुन्हा उशीर, पुन्हा गुडघे. आज हात टेकायचाही राहिला. विसरले. पांढऱ्या पायजम्यावर धूळ मात्र दोन्हीकडे. हॉल झाडायची पाळी कुणाची होती, विचारायला हवं.
आजच्या किक : तीनशे वीस. विक्रम.

२७ सप्टेंबर, शनिवार
अश्वजित पुण्याहून आला. परीक्षा बघायला, असं म्हणतो. मोबाइलवर एका खोलीचा फोटो दाखवला. माझी खोली. रंग देऊन झाला आहे, फिका जांभळा. खिडकीतून समोरच्या फ्लॅटची खिडकी दिसते. मी म्हटलं, छान आहे, पाहुण्यांना होईल.

इथल्या माझ्या खिडकीतून विहाराचा पिंपळ दिसतो आणि कोण उशिरा शाळेत जातंय तेही कळतं. पुण्यात मी कुणाला हटकणार?

काता मनात तीनदा केला. एकदाही चुकला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
परीक्षा, वाशीमला. परीक्षक अकोल्याचे, मिशीवाले. ते फार घाईने मोजतात. इचीनीसानशी, एका दमात! आमची मुलं माझ्या पद्धतीने तयार झालेली. पाय वर करून शांत उभी, पाठी ताठ. परीक्षकांचे दहा झाले तेव्हा आमचे सहा चालू होते. त्यांनी विचारलं, ही मुलं कशाची वाट बघतात? बावीसही मुलांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळी मुलांनी सांभाळून घेतलं. रुचिकाने तर उत्तम.

मग माझा काता. मी काउंट द्यायला तोंड उघडलं, तर परीक्षक म्हणाले, काउंट नाही, मनाने करा.

मनाने केला. मनाचे आठ झाले तेव्हा पाय तिसऱ्यावर होता. नवव्याला वळायचं असतं. वळले. बेल्टचं लांब टोक पायाखाली आलं (आज गाठ मी स्वतः बांधली होती) आणि मी बसले.

पडले. इथे लिहायला हरकत नाही.

मागून अश्वजित मम्मी, मम्मी करत धावला. फरशीच्या कडेला पौर्णिमा दोन्ही हात पसरून उभी राहिली. काका, बूट काढा, म्हणाली. तो ओरडला, अगं, माझी आई पडली आहे! ती म्हणाली, दिसून राह्यलं मले, पन बूट घालून आत चालत नाही. आणि तोही, एवढा मोठा मॅनेजर, खाली बसून लेस सोडू लागला.

त्याची दुसरी लेस सुटेपर्यंत मी उठून, बेल्ट बांधून, परीक्षकांना वाकून नमस्कारही केला होता. पुढचा आकडा आठवेना, म्हणून तिथेच थांबले.

निकाल : रुचिका पास. सगळे पास. मी नापास.

येताना गाडी अश्वजित चालवत होता. मी मनात सामानाची यादी सुरू केली. पिंपळ त्यात बसेना. घरी आल्यावर तो म्हणाला, मम्मी, खाली बस बरं. बसले. आता उठ. उठले. पुन्हा बस. असं चार वेळा. मला वाटलं थट्टा करतो आहे, म्हणून रागाने आणखी पटकन उठले. मग तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. पाणी वाया घालवू नकोस, असं मी दोनदा ओरडले.

२९ सप्टेंबर, सोमवार
अश्वजित सकाळीच निघाला. दाराशी वाकून पाया पडला. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, त्या जांभळ्या खोलीत तूर्त ट्रेडमिल ठेवतो. मी विचारलं, का रे, बेल्ट तर मिळाला नाही. तो म्हणाला, तू उशिरा जात राहा.

याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. दाराशी गुडघे टेकून बसले आणि हात न टेकता उठले तेव्हा. जूनपासून मी एवढी एकच गोष्ट रोज केली होती.

क्लास सुटल्यावर प्रसेनजितला गाठलं. विचारलं, खरं सांग, काउंट मला कशासाठी दिला होतास? तो अंगठ्याकडे बघू लागला. मग म्हणाला, मॅडम, वर्गात वाचनाची पाळी माझ्यापर्यंत यायची तेव्हा तुम्ही मला फळा पुसायला उठवायच्या. मी म्हटलं, तुला आवड होती. तो म्हणाला, नव्हती. पण पोरं हसायची राहिली. मला दुसरी रीत माहीत नाही, मॅडम, तुमच्याकडूनच शिकलो.

अख्खं वाक्य बोलला. एकदाही अडखळला नाही.

आज काउंट पौर्णिमाकडे होता. मी रांगेच्या शेवटी, पिवळ्या बेल्टच्या रुचिकाच्या मागे. चौथ्या किकला माझा पाय वर राहिला आणि मधेच डुलायला लागला. पौर्णिमाने 'शी' म्हटलं आणि थांबली. सगळ्यांचे पाय वर. कुणीतरी कण्हलं. तिने माझ्याकडे बघितलं, पाठ सरळ करा म्हणाली, नखं बघितली, आणि माझा पाय खाली टेकल्यावरच 'गो' म्हटलं.

आजच्या किक : चार.