धर्माबादच्या मिरचीचे देठ

प्रिय धम्मा,

तुझं पत्र पोचलं. फोनवर विचारलं असतंस तर फुकटात उत्तर मिळालं असतं. पण तुझ्या प्रबंधाला म्हणे कागद लागतो. लातूरला जाऊन तू लई हुशार झालीस. आपण इतकी वर्षं गरीब का राहिलो, हा तुझा पहिला सवाल. तुझ्या आईची शाळा चौथीतच का सुटली, हा दुसरा. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण सांगणारी मी आणि लिहून घेणारी तुझी आईच. आधी पहिला.

दुष्काळ, अडाणीपणा आणि जास्तीची लेकरं, अशी कारणं पुस्तकात आहेत म्हणतेस. म्हणजे सगळ्या माझ्याच खोड्या! दुष्काळ तेवढा मी पाडला नाही. (नीले, हसू नकोस, लिही.) अगं, आम्ही चाळीस बायका उजाडल्यापासून अडतीवर मिरचीचे देठ खुडत बसायचो. ढीग एवढा उंच, की पलीकडची शांतम्मा दिसायची नाही, नुसत्या शिंका ऐकू यायच्या. ती तेलुगूत शिव्या द्यायची, मी मराठीत, दोघींनाही समजायच्या. हात आगीसारखे पेटायचे, तरी मजा यायची, खोटं कशाला बोलू? आजही कुणाकडं मिरची भाजली, की मला तरणं झाल्यासारखं वाटतं.

निजाम गेला तेव्हा मी पाळण्यात होते. आपलं राज्य आलं, झेंडे लागले, भाषणं झाली. मिरची मात्र पोत्यानं जायची ती जायचीच, आणि कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातून चित्राच्या पुडीत बसून परत यायची. पिकवणारा इथला, खुडणारी इथली. भाव ठरवणारा कधी डोळ्यानं दिसला नाही. एकदा ती पुडी मी दुकानात हातात घेतली, पण ती काही ओळख दाखवेना. तो कारखाना धर्माबादेतच का निघाला नाही, हे तू शोध. आमदाराला विचारलं तर तो चहा पाजतो.

आता दुसरा सवाल. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, की विरूपाक्ष गुरुजींची बदली झाली आणि नीलाची शाळा सुटली. बदली झाली, पण शाळा सुटल्यावर दोन वर्षांनी. नीला नऊ वर्षांची होती, बोटं बारीक, माझ्या दुप्पट खुडायची. आधी सुट्टीत येत होती, मग शनिवारी, मग रोज. एक दिवस गुरुजी सायकलवरून अडतीवर आले. म्हणाले, बिलोलीला शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, पोरगी पास होणारच, मी स्वतः घेऊन जातो. मी म्हटलं, ती माहूरला पाव्हण्यांकडं गेली, आता येणार नाही. आणि नीला पोत्यांमागं बसली होती, पाच हातांवर. तिच्या खुडण्याचा आवाज थांबला. गुरुजी गेले, मग पुन्हा सुरू झाला.

उपाशी मरत होतो, असंही नाही गं. भाकरी माझ्या मजुरीतही निघाली असती. तिच्या हातांमुळं घरात आठवड्याला दोनदा भात शिजायला लागला, एवढंच. तो भात मीही खाल्ला. गोड लागला.

आनंदराजमामा पत्र लिहून देतो म्हणत होता. मी म्हटलं, नको, नीला माहेरी येईल तेव्हाच लिहीन. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी विचारलं नाही, आणि तिच्या तोंडाकडं बघून मला कधी सांगता आलं नाही. तुला सांगायचं निमित्त केलं, म्हणून जमलं. नीले, तुझी शाळा मी सोडवली. काळानं नाही, गुरुजींनी नाही, मी. हेही लिही, जसंच्या तसं. धम्मा, ती मघापासून खाली मान घालून बसली आहे, लेखणी चालून राहिली आहे, पण मला अक्षर येत नाही, काय लिहून राहिली ते कळत नाही. हे सगळं कागदावर आलं का, तेवढं फोन करून सांग.

तुझीच,
सरजाआजी