धूमकेतूचं पाणी

सर,

मी जन्मले त्या वर्षी आकाशात धूमकेतू दिसला आणि माझी आई बाळंतपणात गेली, हे मोलगीजवळच्या आमच्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. आश्रमशाळेत गोवराची साथ आली तेव्हा मुलींनी तीही माझ्याच नावावर टाकली. माझ्या शेजारी जेवायला कुणी बसेना. सातवीत होते मी. दुपारच्या सुट्टीत पेटी तिथेच सोडून निघाले आणि बाजारात उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. तुम्ही अनवाणीच पळत आलात. राग आला की तुमच्या तोंडी तुमच्या गावची अहिराणी यायची; कुठे चाललीस, म्हणून ओरडलात. "कथा जाई ऱ्हायनी? उतर खाले!" वाटलं, आता मार बसणार. तुम्ही मला चहाच्या टपरीवर नेलंत, पाण्याचा पेला समोर ठेवलात. "पृथ्वी आधी कोरडी होती. धूमकेतू म्हणजे बर्फाचे डोंगर. ते येऊन आदळले आणि हे पाणी आलं. तू जन्मलीस तेव्हा पाणी आणणारा पाहुणा आला होता. पी." दुसऱ्या दिवशी तेच सगळ्या वर्गाला शिकवलंत, आणि पुढे आठवडाभर जेवायला माझ्या शेजारी बसलात. हळूहळू मुलीही सरकत सरकत जवळ आल्या.

मी विज्ञान घेतलं, शिक्षिका झाले, ते त्या एका वाक्यामुळे. मग नंदुरबारला तुमच्या घरी तुम्ही खाटेला खिळलेले असताना मी मोबाइलवर एक बातमी घेऊन आले. एका यानाने धूमकेतूजवळ जाऊन त्याचं पाणी तपासलं होतं, आणि ते आपल्या समुद्राच्या पाण्याशी जुळत नव्हतं. "सर, तुम्ही शिकवलं ते चूक निघालं." काकू तुम्हाला खिचडी भरवत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला. तुम्ही मात्र हसलात. "असेल. पण मग तेव्हा मी तुला काय सांगून शाळेत परत नेलं असतं?" महिन्याभरात तुम्ही गेलात.

आता त्याच यानाच्या नोंदी संशोधकांनी पुन्हा तपासल्या आहेत. धूमकेतूभोवतीच्या धुळीने मोजमाप फसलं असावं. धुळीपासून दूर मोजलेलं पाणी आपल्या समुद्राच्या पाण्याच्या बरंच जवळ जातं. काही म्हणतात, बहुतेक पाणी लघुग्रहांनी आणलं, थोडं धूमकेतूंनी. वाद मिटलेला नाही. मागच्या आठवड्यात मी हे वर्गात सांगत होते, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग खरं काय?" मी म्हटलं, "अजून शोधतायत."

त्या बातमीच्या वेळी मीही तुम्हाला तेवढंच म्हणू शकले असते. तुम्ही ऐकलं असतंत, आणखी दहा प्रश्न विचारले असतेत. हे कागदावर उतरवतेय खरं, पण ते कुठे पाठवणार? वहीतच राहील. काकूंकडेही कधी बोलले नाही ते इथे लिहिते: त्या दिवशी मी तुम्हाला बातमी सांगायला आले नव्हते, सर. मी तुमच्यापुढे गेले, हे दाखवायला आले होते.